शेक

तीस वर्षं मी भोसरीत भट्टीवर काढली.
आठशे साठ अंशांवर गिअर तापवायचे, मग तेलात,
चर्र, आणि गॉगलवर धूर.
मकबूल तांबोळी म्हणायचा, काट्यावर विसंबू नको,
काटा खोटं बोलतो. रंग बघ.
पोलाद पुन्हा तापवताना आधी गवती पिवळं होतं,
मग तपकिरी, मग जांभळं,
निळं दिसलं की समज, नरम पडलं.

आता जुन्या सांगवीत, दुसऱ्या मजल्यावर,
मिक्सरच्या शेजारी हा काळा डबा.
केतकीनं नाशिकहून पाठवलेला एअर फ्रायर.
एकशे ऐंशी!
एवढ्याला आम्ही भट्टी बंद आहे म्हणायचो,
पाठीवर तिच्या डबे गरम करायचो.

आज भोगी.
इंदूचा उजवा खांदा दिवाळीपासून वर जात नाही.
स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून
ती तिथून राज्य करते.
"रताळं जाड चिरा. बोटाएवढं.
तुमच्या नव्हे, माझ्या."
मी तिचं बोट बघून येतो, पुन्हा चिरतो.
गाजर, लाल भोपळा सालासकट, चार वांगी.
पावटा नाही, तो जाळीतून खाली गळतो,
त्याचं वेगळं कढईत बघू.

रविवारी एकदा फसलोय.
गूळ आधीच चोळला होता भाज्यांना,
दहा मिनिटांत कोळसा, आणि कडू वास जिन्यापर्यंत.
तीळ तर आतल्या पंख्यानं असे उधळले
की संक्रांतीआधीच घरभर वाटून झाले.
जाळी घासताना तासभर
ती एक अक्षर बोलली नाही.
तेच जास्त लागलं.

आज आधी नुसतं तेल, मीठ,
जिरेपूड, धणेपूड, तिखट,
दालचिनीचा एक तुकडा खलात, लवंगेची दोन डोकी.
गूळ बाजूला, कोमट पाण्यात विरघळत.
तो शेवटच्या चार मिनिटांना.
तीळ त्याहून शेवटी, ताटात.

डब्याला खिडकी नाही.
मी खण ओढून बघतो. परत ओढून बघतो.
"सारखं उघडू नका हो, गरम जातं!"
हेच वाक्य
मी किती पोरांवर ओरडलोय भट्टीपाशी.

भोपळ्याची कड गवती.
रताळ्याचा कोपरा तपकिरीकडे झुकलेला,
गुळाचा पातळ चकाकता थर, बुडबुडे.
अजून मिनिटभर.
बारीक टिंग मला ऐकू येत नाही आता,
हातोड्यांनी वरचे सूर कधीच नेले.
इंदू डावा हात उचलते. झालं.

भाकऱ्या खालच्या पोळीभाजी केंद्रातून, तीळ लावलेल्या.
नदीपलीकडे औंधचे दिवे लागतात.
तिचा हात तोंडापर्यंत जात नाही
म्हणून ती तोंड ताटापर्यंत नेते.
भरवू का, असं मी एकदाच विचारलं होतं,
नोव्हेंबरात.
ती भोपळा चावते. थांबते.
न खाई भोगी तो सदा रोगी, असं काहीतरी
पुटपुटते, हसते का, कळत नाही.
"मीठ कमी."
आणि दुसरी फोड घेते. तिसरी.

ताटं विसळताना मागून आवाज,
"तापलेला आहे का अजून तो?"
मी खणाला हात लावतो. आहे.
स्टीलच्या वाटीत खडेमीठ घालून आत ठेवतो,
ऐंशी अंश, सहा मिनिटं.
जुन्या धोतराच्या फडक्यात बांधतो पुरचुंडी,
आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतो.
इथं रंग दिसत नाही, मकबूल.
इथं नुसता अंदाज.

खांद्यावर टेकवतो.
ती डोळे मिटते.
"दालचिनीचा वास येतोय," म्हणते.
"जरा खाली. तिथं नाही.
हां."