तठेच व्हती

चोपड्यात सुपडूआप्पांचं बी-बियाण्याचं दुकान.
विडीला कधी शिवले नाहीत,
तरी फुफ्फुसात गाठ.
रोज एक गोळी. फोटोतली सावली विरत गेली,
आप्पा पुन्हा गल्ल्यावर.

पंधराव्या महिन्यात जळगावच्या डॉक्टरांनी
रिपोर्टवर पेन टेकवलं: टी ७९०एम.
एवढ्याशा बदलानं
गोळी आता तिथे बसत नाही.

"बोंडअळी," आप्पा म्हणाले.
"गोळीनं नाही घडवली. ती तठेच व्हती.
बाकीच्या मेल्या, हिला रान मोकळं."
डॉक्टर हसले नाहीत. फाईल धरून मीही.

बीटीच्या पिशवीसोबत साध्या बियांची पुडी यायची,
कडेनं पेरायला.
कुणी पेरली नाही.
आप्पांनीही कधी आग्रह धरला नाही.

नव्या गोळीची चिठ्ठी घडी करून खिशात.
"हे वाण किती हंगाम चालेल?"
गिऱ्हाइकं त्यांना विचारायची,
अगदी तसं.