घंटेचं भाडं

जमेच्या पानावर आज लिहिलं:
मका, अकरा पोती. डुक्कर एक, जिवंत.
विधवा लोव्हिनाबाईंकडून लोकरी मोजे, सहा जोड.
पुढच्या रकान्यात डॉलर लिहायचे असतात.
मोज्यांचे डॉलर किती, हे ठरवत
मी दिव्यापाशी बसते,
वात जरा खाली करून.

कॉलेज म्हणजे अजून एकच इमारत,
तीही अर्ध्या छपराची.
उरलेल्या अर्ध्यातून प्रार्थनेच्या वेळी
आयोवाचं आभाळ थेट आत येतं,
आणि मार्चमध्ये बर्फही.
हिब्रूचे प्राध्यापक पहाटे धारा काढतात.
पगाराबद्दल त्यांना जमीन दिलीय, वीस एकर;
नकाशात तिच्यावर बदकं काढलेली आहेत.

ओबेद पूर्वेला गेलाय, मागायला.
दुसरा हिवाळा गेला.
लिहितो: ‘केझाया, इथे कुठल्याही चर्चच्या पायरीवर
माझ्याआधी एक जण उभाच असतो,
ओहायोचा, नाहीतर विस्कॉन्सिनचा;
तशीच काळी पिशवी, तसाच बसलेला घसा.
काल एका पाद्रीबुवांनी विचारलं,
गेल्या आठवड्यात येऊन गेलात ना?

बँका बुडाल्यापासून
सह्या केलेली माणसं रस्ता ओलांडून जातात.
एका जहाजवाल्यानं चार हजार देऊ केले.
मी विचारलं, हा कापूस वेचला कोणी?
तो म्हणाला, पैसे न्यायला आलात की प्रश्न विचारायला?
मी टोपी उचलली.
पण खरं सांगतो, बाहेर पायरीवर बसून
मी हिशेब केला
चार हजारांत किती छपरं होतात त्याचा.
दोनदा केला.’

शेवटी नॉर्विचच्या ओतारणीनं घंटा दिली.
पैसे नाहीत म्हणाली, पितळ आहे.
चारशे बारा पौंड.
कालवा, सरोवरं, आगगाडी, मग तराफा:
भाडं एकसष्ट डॉलर.
ओबेदचा पगार, भाकरी, गाडीखर्च वजा जाता
वर्षाची सगळी भिक्षा अठ्ठावन्न.
वरचे तीन मी घातले.
धक्क्यावरच्या नावाड्यांना मोजे विकून,
जोडीला अर्धा डॉलर.
तेव्हा कळलं, रकान्यात काय लिहायचं होतं.

घंटा आली. मनोरा नाही.
दोन ओंडक्यांवर आडवी बांधली,
विहिरीच्या बाजूला.
वारा जोराचा असला की ती आपणहून गुणगुणते,
घरात कोणी नसताना बाई गुणगुणते तशी.
जमेत लिहू की खर्चात?
पेन बुडवून ठेवलं, शाई वाळली.

रविवारी पोरांनी हातोड्यानं वाजवली.
आवाज मोठा. फारच मोठा.
नदीपलीकडची कुत्री उठली,
आमचे अकरा विद्यार्थी टाळ्या वाजवू लागले,
आणि डुक्कर कुंपण मोडून
उंच गवतात शिरलं.
अजून सापडलेलं नाही.

ओबेदला लिहिलं: घंटा पोचली, नाद स्वच्छ आहे.
डुकराचं लिहिलं नाही.

त्यानंही कुठे सगळं लिहिलंय?
जानेवारीच्या हिशेबात त्याची एक ओळ आहे,
अक्षर इतर ओळींपेक्षा बारीक:
‘किरकोळ जमा, नऊ डॉलर.’
त्याचा जाड कोट आम्ही
चौदाला घेतला होता.