मैलाला बहात्तर सेकंद

ब्यूट मागे पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.
वर्ना माकीच्या हातात स्टिअरिंग,
भाच्याच्या, ओरिनच्या, हातात स्टॉपवॉच.

काटा साठावर.
मैलाची हिरवी पाटी गेली. "लाव!"
पुढची यायला बहात्तर सेकंद.
म्हणजे पन्नास.
काटा चक्क थापा मारतोय.

दोनदा सेन्सर बदलून झाला,
वायर न् वायर चाचपून झाली,
गिअर वेळेआधीच पडतो म्हणून
त्यालाही शिव्या घालून झाल्या.

कडेला थांबून थर्मासमधली कॉफी ओतताना
तिचा हात मध्येच थबकला.
भंगारातून इंजिन आणलं,
त्याचा कॉम्प्युटरही जसाच्या तसा बसवला.
तिथला मागचा रेशो तीन बेचाळीस,
आपला चार दहा.

"मग खोटं कोण बोलतंय?"
"कुणीच नाही रे.
सेन्सर फेरे मोजतो, ते बरोबर मोजतो.
इंजिनाला अजून वाटतंय
आपण त्याच ट्रकात आहोत."

लॅपटॉप घरी. शनिवारी बघू.
तोवर काचेवर, साठाच्या आकड्यावर,
तिनं खडूनं लिहिलं : पन्नास.

लाकडं लादलेला एक ट्रक
भोंगा वाजवत पुढे निघून गेला.
ओरिननं घड्याळ दाबलं,
उगाचच.