माया

वडगावात आमच्या गल्लीतले माग थांबले
की कान दुखतात.
त्याच वेळी मी शिवायला बसतो.
आमच्याकडं बायका 'बसतो'च म्हणतात.
पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोनवर दोनदा विचारलं,
दादा, टेलरबाई आहेत का?

आधी नुसते ब्लाउज. अस्तराचे, पाठीला गोंडे,
लग्नसराईत दिवसाला सात.
मग चित्ररथाला मावळ्यांचे अंगरखे,
एकवीस, एका मापाचे;
पोरं मात्र एकवीस मापांची.
मग कुणाचा तरी पुतण्या मोबाइल घेऊन आला,
मावशी, हे येतंय काय बघ.
पडद्यावर निळ्या केसांची एक बाई,
खांद्यावर करवतीच्या दातांचं चिलखत,
कमरेला सहा पट्टे, एकाचाही उपयोग नाही.
मी म्हटलं, पाठ दाव.
चित्र सगळे पुढूनच काढतात,
शिवणाऱ्याला पाठ लागते.

तेव्हापासून घरात चपलेच्या तळव्यांचा फोम,
छत्रीच्या काड्या, डिंकाचा उग्र वास,
ईरण्णाच्या मागावरची उरलेली किनार, किलोनं.
नवरा आमटीतून एक पीस काढतो,
ताटाच्या कडेला ठेवतो,
काही बोलत नाही.
पोरं ह्याला कॉस्प्ले म्हणतात, सासूबाई सोंग.
बिलावर मी 'पोशाख' लिहितो.

कागलच्या तन्वीर मुजावरला पंख पाहिजे होते.
औषधाच्या दुकानात कामाला. आवाज असा
की माप सांगतानाही माफी मागितल्यासारखं.
छाती छत्तीस, खांदा सोळा.
आणि पंख?
दोन्ही हात पसरले, मावशी, की त्याच्याही पुढं
वीत वीत.

शनिवारी त्याची स्पर्धा, कोल्हापुरात.
गुरुवारी बस बंद.
कुठं तरी कुणी तरी कुठल्या तरी पाटीला काळं फासलं,
इकडच्या गाड्या निपाणीत, तिकडच्या कागलात.
येतं हे अधनंमधनं, गोवरासारखं.
मी पंख मिटले, जुन्या लुगड्यात बांधले,
स्कूटीच्या मागं घातले आणि निघालो.

कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस.
एनु इदु?
रेक्के, सर.
त्याला थट्टा वाटली.
उघड म्हणाला. उघडलं.
घालून दाखव म्हणाला.

महिनाभर ते पंख मी
भिंतीच्या खिळ्याला घालून बघितले होते,
कपाटाच्या दाराला, एकदा झोपाळलेल्या नवऱ्याला.
स्वतःला नाही.
पट्टे आवळले, बक्कल लावलं, दोरी ओढली
आणि नऊ फूट जांभळं उघडलं
भर हायवेवर.
तंबाखूच्या रानातून वारा आला.
उडालो बिडालो नाही,
टाचा उचलल्या गेल्या एवढं खरं.
एका ट्रकनं हॉर्न दिला, मागच्यानं पण.
पोलीस हसला नाही. पाठीमागं गेला,
शिवणीवरनं बोट फिरवलं सावकाश.
बाप टेलर होता म्हणाला, हुक्केरीत.
मग, होग्री.

ते काढायचं राहिलं. म्हणजे, मी काढले नाहीत.
मिटले फक्त.
कागलच्या वेशीपर्यंत पाठीवर खडखडत होत्या काड्या.

तन्वीरला खांद्यात तंग झाले.
माप देताना श्वास धरून ठेवलेला म्हणे.
औषधांच्या खोक्यांवर बसून मी टाके उसवले.
आई करवादायची मशिनीवरनं,
मापं खोटी सांगतात गं माणसं, माया सोड.
दोन बोटं सोडलेली होती आत.
तेवढी त्याला दिली, दातानं दोरा तोडला.

त्यानं घातले. तिथं आरसा नव्हता,
नुसतं खोकल्याच्या औषधाचं कपाट,
काचेत त्याचा अर्धाच खांदा.
कसं दिसतंय, विचारलं त्यानं, माफी मागितल्यासारखं.
मी म्हटलं, वळ.
पाठ दाव.