बावन्न गोंडे

बेतीच्या पोरांनी नरकासुर उभा करायला रस्ता अडवला होता,
गवत, बांबू, रद्दी, स्पीकरचा दणका,
त्यातून वाट काढत तरलोचन कौर दुकानात आली.
तिचा नवरा मालीमच्या जेटीवर बर्फाचा ट्रक चालवतो.
निळं सॅटिन टेबलावर टाकून म्हणाली, एक चोला शिव.
दिवाळीला लागतो. घेराला बावन्न गोंडे.

बावन्न?
आणि माप कुणाचं?
माप नाही, म्हणाली. तो कुणीच घालणार नाही.
गुरूंचं सोंग आम्ही घेत नाही, बाय.
काठीला टांगायचा नुसता.

मग तिने गोष्ट सांगितली, मोडक्या कोंकणीत,
मध्येच हिंदीत, मध्येच नुसत्या हातांनी.
ग्वाल्हेरचा किल्ला. सहावे गुरू आत.
एक दिवस बादशहाचा हुकूम येतो, तुम्ही जा.
गुरू म्हणतात, इथे बावन्न राजे आहेत, त्यांच्याशिवाय नाही.
बरं, बादशहा म्हणतो (हसलाही असेल),
तुमच्या अंगरख्याला धरून जेवढे बाहेर पडतील तेवढे सुटले.
दार अरुंद होतं.
म्हणून गुरूंनी अंगरखाच तसा शिवून घेतला.

कुणाकडून? मी विचारलं.
इतक्या घाईत, एवढा घेर, कुठल्या शिंप्याने?
ते तिला ठाऊक नव्हतं.

"सगळे गोंडे सारखे नको," जाता जाता म्हणाली.
"काही आखूड, काही खूप लांब.
सगळ्यात मागे जो उभा, त्याच्या हाताला लागायला हवा."
आणि सहजच, दोऱ्याचं रीळ बोटांवर फिरवत,
"भाऊ येणार का यंदा?"
"बोटीवर आहे," मी म्हणाले.
तीन वर्षं हेच म्हणते.
गोव्यात कुणाचाही भाऊ बोटीवर असू शकतो,
बंदराचं नाव कुणी विचारत नाही.

पहाटे नरकासुर पेटला.
अंगठ्याने कारीट फोडलं, कडू जिभेला लावलं,
गुळाचे फोव खाल्ले आणि मशीनवर बसले.
चाळिसाव्या गोंड्याशी कधीतरी आठवलं,
आमच्याही गोष्टीत सोळा हजार बायका कोंडलेल्या होत्या.
त्यांचा पुतळा कुणी करत नाही.
असुर जळला की पोरं झोपायला जातात.

शेवटचा गोंडा हातभर जास्त लांब झाला.
मुद्दाम नाही केला.
म्हणजे, मुद्दामच.

रात्री गुरुद्वाऱ्याच्या अंगणात
चोला बांबूवर चढला.
मांडवीवरचा वारा बाह्यांत शिरला
आणि त्या फुगल्या, कुणी नसताना.
पोरं गोंडे धरून फाटकाकडे निघाली,
ढकलाढकलीत एका जागी शिवण उसवली,
माझा जीव तिकडेच.
पंगतीत माझ्या शेजारी झारखंडचा एक खलाशी बसला होता,
डाळ वाढणाऱ्याने त्याला नाव विचारलं नाही, मलाही नाही.

तो लांब गोंडा मात्र कुणी धरला नव्हता.
धुळीतून फरफटत माझ्या चपलेपाशी आला.
मी वाकून धरला.
फाटकापर्यंत बावीस पावलं असतील.
कुणी पाहिलं नसावं. पाहिलंही असेल.

भाऊबीजेला म्हापशाच्या बशीत
डब्यात शेव, रुमालात कुंकवाची डबी,
जाळीतून बोट जातं का तेही माहीत नाही.
शेजारी सुलोचनाबाय, वाड्यावरची,
कुठे निघालीस गं सकाळी सकाळी?

बस गिरीच्या चढावर अडली.
मी डबा मांडीवर सरळ केला.
कोलवाळला, म्हटलं.
उल्हास तिथे आहे. तुरुंगात.