पाण्याच्या मीटरची नोंदवही

मी हेल्वे. वॉर्ड नऊ, बंदरापासून काचेच्या टेकडीपर्यंत.
पाण्याचे मीटर वाचते, सव्वीस वर्षं झाली.
गळ्यात टॉर्च, कानावर पेन्सिल (शाई इथल्या थंडीत गोठते),
आणि खिशात बिस्किटं, कुत्र्यांसाठी नव्हे,
उंबरठ्यांसाठी.
इथले काही उंबरठे चावतात.

नियम जुना आहे:
या शहरात राहायला येणाऱ्यानं
आपल्या गोष्टीतली एक जागा सोबत आणायची. एकच.
ती बसवायची कुठंतरी, ट्रामच्या तारांना धक्का न लावता.
दुसऱ्यानं आणलेली जागा पाडायची नाही, काही झालं तरी.
म्हणून आमचा नकाशा असा,
चार शिंप्यांनी अबोला धरून शिवलेल्या कोटासारखा.

सात नंबरची ट्राम राक्षसाच्या बरगड्यांतून जाते.
राक्षस मेलेला नाही, आडवा पडलाय.
त्याला गुदगुल्या होतात म्हणून तिथं वेग ताशी दहा.
पुढचा स्टॉप बोलणारी विहीर.
तिला मीटर बसवला तेव्हा ती वर्षभर गप्प होती.
मग एका जानेवारीत म्हणाली,
"हेल्वे, बेरीज चुकलीय तुझी."
चुकलीच होती.

चेटकिणींच्या गल्लीत भाडी वाढली.
निम्म्या उपनगरात गेल्या,
उरलेल्यांनी दातांचे दवाखाने काढले.
भिंती साखरेच्या; गिऱ्हाईक आयतं.

काचेच्या टेकडीवर जिथं घोडे घसरायचे
तिथं आता लिफ्ट चढते.
म्हणजे चढायची. मार्चपासून बंद आहे.
सोळाव्या मजल्यावर टामसारबाई, मुलगे नऊ,
नऊही पाणकावळे.
बाथटबमध्ये मासे, बिल अवाच्या सवा.
"हप्ते करून मिळतील का?" दर महिन्याला दारातच विचारतात,
आणि त्यांच्यामागे धाकटा
अजून बूट घालून बघत असतो.
मी शेवटचा आकडा गिळते. एवढं चालतं.

मागच्या नोव्हेंबरात अलेप्पोहून एक म्हातारा आला. खलदून.
नोंदणीच्या खिडकीवरची बदकीण म्हणाली, "जागा?"
लोक राजवाडे आणतात. गेलाबाजार एखादं जंगल.
त्यानं कोटाच्या आतून काढला नळ,
पितळी, हातांनी झिजून पातळ झालेला,
आणि नळापुढच्या तीन दगडी पायऱ्या.
"गोष्ट कुठली?"
"गोष्ट नाही," तो म्हणाला. "गल्ली होती."
बदकिणीनं शिक्का बराच वेळ नुसता धरून ठेवला.
मग मारला.

मासळीच्या शीतगृहामागं त्यानं तो बसवला.
पाइप नाही, तरी पाणी येतं,
कोमट, साबणाचा पुसटसा वास असलेलं.
पहाटे सहाला रांग लागते: पाणकावळे, ट्रामचा कंडक्टर,
राक्षसाची बहीण, तिची बादली म्हणजे आमचा तलाव.
भांडणं तर होणारच.
खलदून पायरीवर बसून ऐकतो, शब्द न कळता.
"असंच," म्हणतो, "अगदी असंच भांडायचे."

मी मीटर लावला. काटा उलटा फिरतो.
तीनदा बदलला. उलटाच.
इंजिनियर म्हणतात, हवा असेल.
या हिवाळ्यात तो शून्यावर येईल,
आणि शून्याच्या खालचं लिहायला
माझ्या वहीत रकाना नाही.

मी इथंच जन्मले.
इथं जन्मलेल्यांना काही आणावं लागत नाही,
त्यामुळे नकाशावर माझं असं काहीच नाही.
त्याचं वाईट वाटत नाही,
हे मी इतक्यांदा सांगितलंय की विहीरही आता हसते.

आज रांगेत उभी राहिले, वर्दीतच,
हातात थर्मासचं झाकण.
मागून कंडक्टरनं कोपर मारलं.
मी वळले आणि जे भांडले म्हणता,
शीतगृहाच्या पत्र्यावरचा बर्फ खाली आला.

खलदूननं मान वर केली.
माझ्याकडं पाहिलं,
आणि तिसऱ्या पायरीवर
जरासा सरकून बसला.