रकाना सात

तिळापेक्षा लहान. मादी एकटीच खोडात शिरते.
लाकूड खात नाही ती
(हे दारोदार सांगून मी दमलो),
बोगदा पोखरते, भिंतींना बुरशी लावते
आणि त्या बुरशीवर लेकरं वाढवते.
म्हणजे शेतीच.
फक्त जमीन कोणाची, हे विचारलेलं नाही.

जॅरड नूंगार आहे. करवतीची साखळी घट्ट करत म्हणाला,
‘हे आम्ही आधी पाहिलंय.’
मग कानांवर मफ चढवले
आणि झाडावर चढला.

केस्ट्रेल स्ट्रीट, घर नंबर एकतीससमोर
वडाच्या गोतावळ्यातला मोरटन बे फिग.
मुळं अशी की शाळेची पोरं
त्यांच्या कप्प्याकप्प्यांत बसून डबा खायची.
दुपारी तीनपर्यंत तो नुसता बुंधा होता,
चारला ताडपत्रीखालचा भुसा,
सीलबंद ट्रकमधून गेला.
काळे काकाकुवे संध्याकाळी आले,
हवेत एकदा घिरटी घालून
तारेवर बसले, गैरसोयीने.

आता पैसे आले आहेत. राज्य सरकारचे.
गेलेल्या झाडाला नवं झाड, दर ठरलेला,
अर्जाची मुदत शुक्रवार, पाच वाजता.
एकशे अठरा झाडं, एकशे अठरा ओळी.
जात. घेर. अक्षांश. रेखांश.
रकाना सात: लागवडीचं वर्ष.

आमची जुनी दप्तरं
नदीकाठच्या तळघरात भिजली, माझ्या जन्माआधी.
मी सातमध्ये ‘अज्ञात’ लिहीत सुटलो,
अज्ञात, अज्ञात, अज्ञात,
जणू ही झाडं कुणी रात्री येऊन टाकून गेलं होतं.

एकतीस नंबरच्या कॉन्चेत्ता ताराबीनी
गुरुवारी ऑफिसात आल्या, काठी आणि बिस्किटांचा डबा घेऊन.
डब्यात बिस्किटं नव्हती.
फोटो: पांढरे मोजे घातलेली मुलगी,
शेजारी तिच्या कमरेएवढं रोप,
दोघींनाही उन्हाने डोळे मिचकवायला लावलेले.
‘बोटीतून उतरून तीन महिने झाले होते.
सत्तावन्न साल. लिही.’
मी लिहिलं.
आख्ख्या अर्जात तेवढं एक वर्ष.

मग मी सांगितलं, जे सांगायला नको होतं:
फिग परत मिळणार नाही, किड्याला तो फार आवडतो.
मंजूर यादीतलं दुसरं काहीतरी येईल.
काठीएवढं.
सावली पडायला वीस वर्षं, पंचवीस.
आणि पाण्याचे पैसे दोनच उन्हाळ्यांचे.

त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत.
मी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत राहिलो.

‘पाणी माझ्या वॉशिंग मशीनचं आहे,’ त्या म्हणाल्या,
‘तुझ्या सरकारला सांग, तिसरा उन्हाळा मी बघते.
पण खुंटी कुठे ठोकलीस?’

शुक्रवारी सकाळी गेलो. माप घेतलेलं अचूक होतं,
नळापासून, तारेपासून, नियमाप्रमाणे.
त्या फाटकाशी उभ्या, डोळ्यांवर हात,
उन्हाकडे असं बघत होत्या
जसं कुणी भिंतीवर चित्र टांगताना बघतं.
‘डावीकडे.
अजून.
बसची वाट बघणारे दुपारी कुठे बसतात, बघ की.
अजून थोडं. तिथे.’

चार फूट.
जॅरडने खुंटी उपटली, काही बोलला नाही,
नव्या जागी तीन ठोक्यांत बसवली.

साडेचार वाजले होते.
मी ऑफिसात येऊन
रेखांशाचा शेवटचा आकडा खोडला,
पुन्हा लिहिला.